पाच राज्यं, साठ बैल

ताई, नमस्कार.

मी कळव्याला राहतो, वय 26. गेले आठ महिने एक फँटसी रोल-प्लेइंग गेम लिहितोय. एकमेकांशी लढणारी पाच राज्यं, बाराशे वर्षांचा इतिहास, राजघराण्यांच्या वंशावळी, सगळी मिळून 84 पानं. नकाशा तर सहा बाय चारच्या फ्लेक्सवर छापून घेतलाय. खेळायला चार मित्र. प्रत्येकाने आपापलं राज्य निवडलं, कुणी युवराज झाला, कुणी सेनापती. पहिल्या सेशनला मी पाऊण तास इतिहास सांगितला, तेवढ्यात दोघं मोबाइलमध्ये गेले. दुसऱ्या सेशनला ऐरोलीच्या मित्राने मला गुपचूप व्हॉट्सॲप करून डोंबिवलीच्या मित्राच्या राजधानीचा दरवाजा रात्री उघडून दिला. त्याचा राजा मेला. तो उठला, बूट घातले आणि गेला, घरी पोचायच्या आत ग्रुपही सोडला. आता बाकीचे म्हणतात, राज्यं-बिज्यं नकोत, गुहेत जाऊन राक्षस मारू. एक जण म्हणतो, सरळ शिवकाळच घे, नावं सगळ्यांना पाठ आहेत. काय करू? एवढं लिहिलेलं फुकट जाणार का? आणि त्या फ्लेक्सचं काय करायचं?

– प्रजा नसलेला राजा, कळवा

राजेसाहेब,

आधी 84 पानांचं बोलू, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. ती फुकट जाणार नाहीत. पण मित्रांना वाचून दाखवायचीही नाहीत. वास्तुशांतीला आलेल्या माणसाला कुणी पाया दाखवत नाही, आधी चहा देतात.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. चार-पाच जण सतरंजीवर बसतात. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. जग त्याचं, पावसापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळं त्याच्या तोंडून बोलतं. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ‘मी आता असं करतो’ असं सांगत पुढे जातात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. लहानपणी आपण घर-घर खेळायचो, त्यालाच नियम आणि वीस बाजूंचा फासा लावला की हा खेळ झाला. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने बाजारात आणला.

तुझ्या दुखण्याचं मूळ त्या जन्मकथेतच सापडतं. त्याआधी ही मंडळी वॉरगेम खेळायची. टेबलावर चिमुकले सैनिक मांडायचे आणि एकेका खेळाडूने अख्खी फौज हलवायची. यांनी खेळाडूच्या हातातून फौज काढून घेतली आणि एकच माणूस दिला. नाव असलेला, दमणारा, घाबरणारा, खिशात किती पैसे उरले ते मोजणारा. बस, एवढ्यावर नवा खेळ उभा राहिला. आणि तू पन्नास वर्षांनी गाडी रिव्हर्समध्ये घातलीस! चार मित्र आले, त्यांना माणूस द्यायचा सोडून प्रत्येकाला एकेक राज्य देऊन बसलास. मग ते लढणार नाहीत तर काय हळदीकुंकू करणार?

हसत नाहीये, कारण हेच मी केलंय. 2012 साली, नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात. मी ‘सात राजांची परिषद’ लिहिली होती. सात सिंहासनं, प्रत्येक राजाचं भाषण, भाषणातली ठिणगी, ठिणगीतून महायुद्ध. पात्रं राजवाड्याच्या दारात पोचली. आत जायचं सोडून आमच्यातल्या एकीने दारावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, “पगार वेळेवर होतो का रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सातही राजांचे वाढदिवस लिहिलेले होते, पहारेकऱ्याचा पगार नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “तीन महिने झाला नाही.” त्या संध्याकाळी कुणीही परिषदेत गेलं नाही. पगार कुठे अडला ते शोधायला सगळे खजिन्याकडे वळले. मी इतकी चिडले की मध्येच पोहे करायला उठले. कढईत मोहरी तडतडताना बाहेरून त्यांची चर्चा ऐकू येत होती आणि लक्षात आलं, ही मंडळी आज पहिल्यांदा माझ्या राज्याबद्दल बोलतायत. पुढचं दीड वर्ष आम्ही त्या तीन महिन्यांच्या थकलेल्या पगारावर खेळलो. सात राजांपैकी पाच जण शेवटपर्यंत कुणाला भेटलेच नाहीत.

तर तुझं. पाचही राज्यं ठेव. फक्त मित्रांना त्यातलं एकही देऊ नकोस. चौघांना मिळून एक तांडा दे.

आपल्या इतिहासात याला भक्कम आधार आहे. दख्खनमध्ये लढणाऱ्या फौजांना धान्य पुरवायचं मोठं काम बंजाऱ्यांच्या तांड्यांनी केलं. बैलांच्या पाठीवर गोण्या, गोण्यांत धान्य आणि मीठ, आणि एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात अखंड चाल. गरज मुघलांनाही होती आणि दख्खनी सुलतानांनाही. लढणाऱ्या दोन राजांच्या मधून तिसरा कुणीतरी रोज ये-जा करतोय, दोघेही त्याला जाऊ देतात आणि दोघेही त्याच्यावर संशय घेतात, अशी जागा या खेळात सोन्यासारखी. तुझं जग काल्पनिक आहे, तेव्हा तांडाही काल्पनिकच घे. खऱ्या समाजाची वेशभूषा करायला जाऊ नकोस, फक्त त्यांचं काम उचल.

मग एक युवराज घरातून पळून बैल हाकतोय, दुसऱ्याची बहीण पलीकडच्या राज्यात दिलीय, तिसरा फौजेतून पळालेला, चौथी हिशोब लिहिणारी. निष्ठा चार ठिकाणी असू देत, जेवण एका हंड्यातलं. भांडणं होतील, व्हायलाच हवीत. पण सकाळी बैलांवर गोण्या लादताना सगळे तिथेच असतील, बूट घालून कुणी निघून जाणार नाही.

आता आकडे. तुझ्या 84 पानांत एकदाही धान्य आलेलं नसणार, पैज लावते. खेळापुरता सोपा हिशोब धर: माणशी रोज पाऊण किलो धान्य. हजार माणसांच्या किल्ल्याला रोज 750 किलो. एका बैलावर सव्वाशे किलो धरलं तर रोज सहा बैल रिकामे होतात. घोडे मी मोजलेच नाहीत, ते माणसापेक्षा कितीतरी जास्त खातात. आता तुझ्या मित्रांच्या तांड्यात साठ बैल ठेव. साठ बैल म्हणजे त्या किल्ल्याचे दहा दिवस. ते वर पोचले तर किल्ला दहा दिवस जास्त लढेल. खाली वेढा घालून बसलेल्यांना विकले तर वेढा दहा दिवस लांबेल. पाच राज्यांच्या बाराशे वर्षांच्या वैराचा काटा चार पोरांच्या साठ बैलांवर येऊन टेकला. तू फक्त विचारायचं, “कुठे वळता?”

सुरुवातच इथून कर. खिंडीचा माथा, दिवस मावळलेला. नाकेदार कंदील घेऊन पुढे येतो. वयस्कर, सर्दी झालेली, सारखा नाक पुसतोय. तो गोण्या मोजतो आणि म्हणतो, “परवापर्यंत हा नाका पूर्वेकडच्या राजाचा होता. काल पश्चिमेचे आले. जकात त्यांनी वाढवलीय, दहा बैलांमागे एक गोण. मला विचाराल तर मी अजून जुन्याच दराने घेतो, कारण उद्या कोण येईल सांगता येत नाही. पण पावती कुणाच्या शिक्क्याची देऊ ते तुम्हीच सांगा.” आणि गप्प बस. अगदी गप्प. चौघं एकमेकांकडे बघतील. कुणाच्या शिक्क्याची पावती खिशात ठेवायची यावर अर्धा तास वाद होईल आणि त्या अर्ध्या तासात तुझे सगळे राजे, त्यांची वैरं, कोण वरचढ, कोण उतरणीला लागलाय, सगळं त्यांच्याच प्रश्नांतून बाहेर येईल. पहिल्या सेशनला तू जे पाऊण तास सांगत होतास तेच, फक्त या वेळी मागून घेतलेलं.

नाकेदाराची सर्दी विसरू नकोस. राजाचं नाव चार सेशननंतर कुणाच्या लक्षात राहणार नाही, सर्दीवाला म्हटलं की सगळ्यांना कळेल.

खिंड कशी असते ते बघायचं असेल तर कधीतरी नाणेघाटात जाऊन ये. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरबाडकडून चढायचं, वर जुन्नरचा मुलूख. कोकणातली बंदरं आणि घाटमाथा यांना जोडणारी सातवाहनांच्या काळातली वाट. गुहेत त्यांचा शिलालेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगत आलेत. त्या घळीतून एका वेळी किती बैल जातील ते उभं राहून बघ. घरी येऊन खिंडीचा नकाशा काढशील तो आपोआप अरुंद निघेल.

राज्यांचं काय लिहायचं? प्रत्येकाला अर्धं पान. त्यात दोनच गोष्टी: या हंगामात त्याला नेमकं काय हवंय आणि त्याच्याकडे काय कमी पडतंय. ‘सत्ता हवी’ असलं लिहू नकोस, ती सगळ्यांनाच हवी असते. हवी असलेली वस्तू बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. आपल्याकडचं उत्तम उदाहरण सोलापूरचा किल्ला. 1524च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली. लग्नात सोलापूर द्यायचं ठरलं होतं. दिलं नाही. कबूल केलेलं दिलं नाही म्हणून मांडवात रुसलेले व्याही आपण पाहिलेत, इथे व्याही तोफा घेऊन आले. पुढची चाळीसएक वर्षं त्या किल्ल्यापायी लढाया होत राहिल्या. मग विजयनगरविरुद्ध एकत्र यायची वेळ आली, तेव्हा बुऱ्हाणच्या मुलाने, हुसेन निजामशाहाने, आपली मुलगी विजापूरला दिली आणि सोबत आंदण म्हणून, बरोबर ओळखलंस, सोलापूर. ती मुलगी म्हणजे चांदबीबी. 1565 साली ही सगळी सोयरी मंडळी राक्षसतागडीच्या लढाईत एका बाजूने लढली आणि विजय पचायच्या आत पुन्हा एकमेकांवर उलटली.

बघ, यात धर्म, भाषा, ‘प्राचीन वैर’ यांची गरजच लागली नाही. एक किल्ला, दोन लग्नं. तुझ्या पाच राज्यांत असं एक सोलापूर टाक, जे तिघांना आपलंच वाटतं आणि तिघांकडेही त्याचा कागद आहे. बाकी वंशावळी कपाटात राहू देत. कधी कुणी विचारलंच तर काढायच्या.

आता तुझ्या फुटलेल्या दरवाजाकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे आणि त्यात चूक तुझी आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, पण ऐरोलीकराला दोष देऊ नकोस. युद्धाच्या खेळात फितुरी येणारच. त्याने ती कल्पना लढवली, छानच केलं. घोटाळा व्हॉट्सॲपमध्ये झाला. तू त्याचा मेसेज वाचलास, ‘ओके’ पाठवलंस आणि डोंबिवलीच्या पोराला तीन तास समोर बसवून घेतलंस. टेबलावर पाच जण होते, त्यातल्या दोघांना शेवट ठाऊक होता. त्याला राजा मेल्याचं फार वाटलं नसणार, आपण एकटेच येडे ठरलो याचं वाटलं.

आणि खेळ म्हणून बघितलं तरी दरवाजा फार स्वस्तात उघडला. जुन्या राज्यकर्त्यांना ही भीती पुरेपूर ठाऊक होती. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था दिली आहे. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीचे अधिकारी, तिघांनी मिळून कारभार करायचा. एकाला विकत घेऊन किल्ला हाती लागत नाही, उरलेल्या दोघांचं काय करणार? हीच व्यवस्था उचल. तुझ्या प्रत्येक किल्ल्यावर तीन माणसं, तिघांची एकमेकांशी जेमतेम पटते, एक कर्जात, एक हट्टी, एकाची मुलगी लग्नाची. आता कुणाला दरवाजा उघडायचा असेल तर तिघांना गाठायला लागेल, आणि त्या तीन भेटींमध्ये समोरच्या खेळाडूला सुगावा लागायच्या तीन संधी. फितुरी तीन सेशन चालेल आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालेल.

एक नियम मात्र दगडावर कोर: चोरून मेसेज बंद. पात्रापासून लपवायचं ते लपवा, माणसापासून नाही. खेळाडूने मोठ्याने म्हणायचं, “माझं पात्र आज रात्री कुणाला न सांगता सबनिसाला भेटतं.” सगळे ऐकतील, कुणाचंच पात्र ऐकणार नाही. सुरुवातीला हे विचित्र वाटतं. मग लोकांना त्याचीच मजा यायला लागते, कारण दुसऱ्याची फितुरी बघायला मिळते, सिरियलमध्ये मिळते तशी.

डोंबिवलीकराला फोन कर. फोन, मेसेज नाही. ‘पण नियमात तसं नव्हतं’ हे वाक्य तोंडून काढू नकोस. “तुला अंधारात ठेवलं, ते चुकलं” एवढं म्हण आणि वडापाव खायला बोलाव. परत खेळायला ये असं त्याच फोनवर म्हणायचं नाही. तो आला, बसला, तर नाकेदाराच्या सर्दीची गोष्ट सांग. त्याने मध्येच विचारलं की ‘मग कुठल्या शिक्क्याची पावती घेतली?’, तर समज परत आला. नाहीच आला तर मित्र तरी राहील. त्याचा मेलेला राजा उकरून काढून जिवंत करू नकोस. त्यापेक्षा त्या राजाच्या मागे राहिलेलं कर्ज त्या खिंडीत फिरत ठेव, लोक त्याचं नाव घेत राहतील.

युद्ध कुठवर चालवायचं याचं उत्तर आपल्या पंचांगात आहे. पावसाळ्यात फौजा हलत नसत. नद्या भरलेल्या, घाट निसरडे, घोड्यांचे पाय चिखलात, म्हणून छावणी करून बसायचं. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की मोहिमा सुरू. तुझा खेळ दसऱ्याला सुरू कर आणि मृगाला संपव. दर सेशन म्हणजे खेळातला एक पंधरवडा. दर दुसऱ्या रविवारी बसलात तर बाहेरचं आणि आतलं कॅलेंडर एकच चालेल, साधारण सोळा सेशन. एप्रिलमध्ये तुमच्या कळव्यात पंख्याखाली घाम पुसताना खेळातही विहिरी आटलेल्या असतील. पहिला वळीव पडला की सगळ्या राजांना एकदम घाई होईल, कारण चार महिने मग काहीच हलणार नाही. शेवट तुला लिहावा लागत नाही, पाऊस लिहितो.

खेळाडू जिथे नाहीत तिथलं युद्ध तू ठरवू नकोस. दर सेशनच्या आधी प्रत्येक राज्यासाठी साधे सहा बाजूंचे दोन फासे टाक आणि बेरीज कर. 2–3 आलं तर मोठी आपत्ती, 4–6 पीछेहाट, 7–9 जैसे थे, 10–12 सरशी. वीस बाजूंचा एकच फासा इथे नको, त्यात एक पडायची शक्यता आणि वीस पडायची शक्यता सारखीच, दर पंधरा दिवसांनी साम्राज्यं कोसळतील. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी ‘जैसे थे’ 15 वेळा येतं आणि आपत्ती फक्त तीनदा. खरी युद्धं अशीच असतात, बहुतेक दिवस काही होत नाही आणि डाळ महाग होते. निकाल आला की तो नाकेदाराच्या, गवळणीच्या, जखमी शिपायाच्या तोंडून तांड्यापर्यंत पोचव. थोडासा चुकीचाही पोचव. अफवा फुकट मिळते आणि खेळाला तीच पळवते.

फँटसीचं तू पत्रात फारसं लिहिलं नाहीस, पण कुठेतरी ड्रॅगन असतीलच. ठेव हवं तर. पण राज्यं लढतायत म्हटल्यावर पहिला प्रश्न हा की ड्रॅगन असलेला राजा अजून जिंकला कसा नाही? जादू जितकी मोठी तितकं युद्ध पोकळ होतं. म्हणून मला आपली भुतं जास्त आवडतात, ती किरकोळ असतात आणि अटी घालतात. चकवा घे. रात्री रानात माणसाला लागतो, पहाटेपर्यंत तो एकाच झाडाभोवती फिरत राहतो. आता तोच चकवा तीन हजारांच्या फौजेला लागला तर? सकाळी उठून बघतात तर कालच्याच मुक्कामाच्या चुली. कोकणातला राखणदार घे. गावाची सीमा सांभाळणारा, वर्षाचं देणं चुकलं की रुसणारा. राजाने मुलूख जिंकला, पण राखणदाराचं देणं कुणी द्यायचं, जुन्या राजाने की नव्याने? हा तंटा सोडवायला कुणाला पाठवतील? तांड्यालाच, कारण सीमा सगळ्यात जास्त वेळा तेच ओलांडतात.

शिवकाळ घ्या म्हणणाऱ्या मित्राला नाही म्हण, प्रेमाने. खेळात लोक विनोद करतात, चुकतात, फासा वाकडा पडतो आणि तुमचा नायक उताणा पडतो. महाराजांच्या बाबतीत तसं झालं तर तुमच्यातल्याच कुणाला ते रुचणार नाही, मलाही रुचणार नाही. शिवाय काय होणार हे सगळ्यांना पाठ असेल तर निर्णय कसले घेणार? इतिहासातून माणसं उचलू नकोस, व्यवस्था उचल. तह कसा होतो ते पुरंदरच्या तहात बघ. 1665, 23 किल्ले गेले, 12 राहिले, प्रत्येक बाजूच्या किल्ल्यांचा महसूल मोजलेला, शिवाय विजापूरच्या स्वारीत मदत करायचं कलम. तुझ्या खेळात तह झाला की असाच कागद बनव. किती, कोणते, केव्हापर्यंत, ओलीस कोण. ‘शांतता झाली’ असं सांगून टाकू नकोस.

आणि लांब कशाला जायचं, तू राहतोस तिथेच बघ. कळव्याहून खाडीचा पूल ओलांडून ठाण्यात शिरलास की जवळच जे कारागृह आहे, तो ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी. पन्नास वर्षांच्या आत तीन धनी. त्या काळात खाडीत होडी वल्हवणाऱ्या माणसाने तीन वेगवेगळ्या शिक्क्यांच्या पावत्या जपून ठेवल्या असतील की नाही, सांग. तुझा नाकेदार मला तिथूनच सुचला, गर्दीत पुलावर अडकलेल्या रिक्षात.

बाकी किरकोळ. चार वाजता सुरू, साडेसातला बंद. घोडबंदरवरून कुणी येत असेल तर तो उशिराच येणार, त्याच्यासाठी थांबू नका. तिघं जमले की खेळायचं, आला नाही त्याचं पात्र मागे बैल सांभाळतंय. खिडकी लावून घ्या. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा “उद्या पहाटे सुभेदाराला उडवायचा” एवढंच ऐकलं होतं आणि त्या भाजीची पिशवी टाकून घरात आल्या होत्या.

राहिला फ्लेक्स. तो उलटा घाल. मागची बाजू बहुतेक पांढरी असते. मधोमध एक खिंड काढ, एक नाका, नाक्याला दोन वाटा आणि एक विहीर. पुढचं मित्र जसजसे जातील तसतसं त्यांच्याच हाताने काढू दे. मार्कर मात्र परमनंट आण, व्हाइटबोर्डचा फ्लेक्सवर हाताने पुसला जातो. आमचा एक अख्खा घाट असा कुणाच्या तरी कोपराला लागून गेला होता.